फरशीवरचे केस

दारू घरपोच अन् दाढीला बंदी! आदिनाथला या एका गोष्टीचा इतका संताप होता, की रोज सकाळी दुकानाचं कुलूप उघडताना तो ते कुलपालाच ऐकवायचा. केडगावात पुणे रोडला लागून त्याचं सलून, तीन खुर्च्यांचं, बावीस वर्षांचं. पहिल्या लॉकडाऊनला तीन महिने शटर खाली होतं. ते कसंबसं निभावलं, तोवर एकवीसच्या एप्रिलात पुन्हा बंद. किराणा चालू, भाजी चालू, बाटल्या मोटारसायकलवरून दारात येतायत, आणि न्हाव्यानं कात्री उचलली की मात्र जग बुडणार!

गेल्या आठवड्यात अर्धं शटर ओढून त्यानं एकाची दाढी केली, तर नेमकं पथक आलं. दंड झालाच, वर दम मिळाला, पुन्हा सापडलास तर दुकान सील. सील लागलं तर गाळा रिकामा कर, असं मालक कल्याणशेठनंही फोनवर सांगून टाकलं. म्हणजे बावीस वर्षांचा संसार एका चिकटपट्टीवर लटकलेला. तरी आदिनाथला घरी बसवेना. सकाळी सातला, भाजीच्या वेळेत, तो पिशवी घेऊन निघायचा, शटर हातभर उचलून आत सरकायचा, कात्र्यांना तेल द्यायचा, खुर्च्या पुसायचा. लोखंड वापरलं नाही की गंजतं आणि माणसाचंही तसंच, असं तो बायकोला, सुरेखाला सांगे. ती म्हणे, "मग घरातली भांडी घासा. ती बी लोखंडाचीच हायेत."

त्या मंगळवारी एक नंबरच्या खुर्चीखाली केस पडले होते.

आधी वाटलं, जुने असतील. पण फरशी त्यानं आदल्याच दिवशी पुसली होती. वाकून बोट लावलं तर केस ओलसर. आरशापुढं दाढीचा ब्रश ओला, तुरटीचा खडा ओला, फवाऱ्याच्या तोंडाला थेंब लोंबकळत होता. दुकानात पावडरीचा रोजचा वास नव्हता. दवाखान्यात येतो तसला फिनेलचा उग्र वास भरला होता.

"आरं, कुनाच्या बापाचं दुकान हाय का हे?" आदिनाथ रिकाम्या खुर्च्यांवर ओरडला.

मग त्याचं लक्ष केसांकडं नीट गेलं. पांढरे, राठ, टोकाला मेंदीचा तांबूसपणा. गहिनीनाथअण्णा! मागच्या गल्लीतले कांदेवाले म्हातारे, दर रविवारी पहिला नंबर त्यांचा. जे डोकं बावीस वर्षं हाताखालून गेलंय, त्याचे केस आदिनाथ डोळे मिटूनही ओळखेल. त्यानं तिथूनच अण्णांच्या घरी फोन लावला. बंदी असताना दुकानात शिरता म्हणजे काय, असं चांगलं खडसावायचं होतं. फोन त्यांच्या सुनेनं, मोनिकानं उचलला.

"अण्णा दवाखान्यात हायेत, भाऊ," ती म्हणाली. "पाच दिवस झाले. आत कुनाला सोडत न्हाईत."

आदिनाथनं फोन ठेवला आणि केस झाडून काढले.

अण्णा गुरुवारी गेले. तिसऱ्या दिवशी मोनिकाचाच फोन आला. आवाज बसलेला होता. "लांबून तोंड दाखवलं आमाला. दाढी येवढी गुळगुळीत, कल्ले सरळ. तुमचा हात लपतो व्हय, भाऊ? तुमी आत कसे गेलात ते मी इचारत न्हाई. लई उपकार झाले."

घ्या! न केलेल्या कामाचे उपकार! आदिनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. हे गल्लीभर झालं, की हा वॉर्डात जाऊन दाढ्या करतो, तर बंदी उठल्यावरही दुकानाकडं कुत्रं फिरकणार नाही. कोण हा आपल्या नावावर धंदा करणारा? त्यानं हिशोब मांडला. दुकानाच्या किल्ल्या दोन. एक त्याच्याकडं, दुसरी अमृतकडं.

अमृत म्हणजे त्याचा कारागीर, पंधरा वर्षं दोन नंबरच्या खुर्चीमागं उभा राहिलेला. दुकान बंद झाल्यापासून चौकात हातगाडीवर भाजी विकत होता. आदिनाथ तडक गाडीपुढं जाऊन उभा राहिला.

"किल्ली दे."

"कसली?"

"दुकानाची. माझ्या माघारी गिऱ्हाईकं घेतोस, अन् सील मला लागायचं!"

वांगी निवडणाऱ्या बायका थांबल्या. अमृतनं तराजू खाली ठेवला. "पंधरा वर्षं झाली, दादा. सोताचं डोकं दुसऱ्या कुनाच्या हातात दिलं न्हाई तुमी. अन् आज चोर म्हनता?" त्यानं खिशातून किल्ली काढली आणि तराजूच्या पारड्यात टाकली.

ते खरं होतं. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत; आदिनाथचे अमृतच कापायचा. आता मानेवर झिपऱ्या आल्या होत्या, आणि त्याचाही राग आदिनाथनं अमृतवरच काढला. घरच्या पेटीचं जाडजूड कुलूप आणून त्यानं शटरला लावलं. कात्र्या, वस्तरे पिशवीत भरून घरी नेले. आता कर म्हणावं धंदा!

सोमवारी पुन्हा केस.

कुलूप जिथल्या तिथं होतं. केस काळे, दाट कुरळे, त्यांना डिझेलचा वास. हा राम, पाण्याच्या टाकीजवळ राहणारा टेम्पोवाला. आदिनाथनं केस वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळले आणि पुरावा मुठीत धरून तो रामच्या दारी गेला.

राम टेम्पोच्या पायरीवर बसून चूळ भरत होता. लग्नसराईत मंडपाचं सामान वाहणारा माणूस, हल्ली दिवसरात्र ऑक्सिजनची नळकांडी वाहत होता.

"केस कुठं कापलेस?" आदिनाथनं दरडावलं.

राम हसायला लागला. "दादा, दुकान तुमचंच बंद, मग कापू कुठं? हे बगा, टोपलं झालंय नुसतं."

खरंच टोपलं झालं होतं. कानांवर आलेले, कपाळावर आलेले कुरळे केस, एक बटही कमी नव्हती. आदिनाथनं मूठ खिशात घातली. "काळजी घे," एवढंच म्हणाला आणि परत फिरला.

पाचव्या दिवशी रामला न्यायला दवाखान्याची गाडी आली. त्यानंतर तीन दिवसांनी त्याचा टेम्पो दुसराच माणूस चालवताना दिसला.

त्या रात्री आदिनाथ सुरेखाशी उगाच भांडला. चोरच आहे, चोरच आहे, असं तो तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तिनं विचारलं, "अवो, पन चोरानं नेलं काय?" त्याला मनापासून वाटत होतं, चोर असलेलाच बरा. चोराला निदान शिव्या तरी देता येतात.

चार दिवस तो दुकानाकडं गेला नाही. पाचव्या दिवशी राहवलं नाही.

शटर उचललं. आत सरकला.

केस होते.

त्यानं भीतभीत वाकून पाहिलं. एका क्षणात नाव सुचायचं, ते सुचलं नाही. जाड, काळे, मधे मधे पिकलेले. एक छोटा पांढराफेक पुंजका वेगळा पडलेला. त्यानं केस बोटांत धरून उजेडाकडं नेले, उलटसुलट केले.

परके! बावीस वर्षांत हे डोकं आपल्या हाताखालून गेलेलं नाही, हे तो छातीठोक सांगू शकत होता.

आदिनाथला एकदम हसू फुटलं. म्हणजे चोरच होता तर! बाहेरची गिऱ्हाईकं आणत होता. उगाच जिवाला घोर लावून घेतला आपण. त्यानं केस पुडीत बांधले, फरशीवर फिनेल ओतलं, खसाखसा पुसलं. फिनेलला मेला वासच नाही. यातही पाणी घालायला लागले हे लोक! आफ्टरशेव्हची बाटली उघडली, तीही उडालेली. दोन-दोन मास्क लावल्यावर माणसाला काय कळणार म्हणा. सकाळी सुरेखाचा चहाही नुसता पांचट लागला होता.

चौकात अमृत कोथिंबिरीवर पाणी मारत होता. दुकानातला जुना फवारा होता त्याच्या हातात.

आदिनाथनं पुडी गाडीवर आपटली. "आधी अण्णांचे केस पडले, अण्णा गेले. मग रामचे पडले, राम गेला. म्या म्हनलं, हे काय इपरीत! पन आज घावलास. हे ओळख. माझं गिऱ्हाईक न्हाई हे, तुझं हाय."

अमृतनं मान वर केली. दोघंही गेल्याचं त्यानं ऐकलं होतं. मग हात पुसून त्यानं पुडी सोडली, केस अंगठ्यानं चोळून पाहिले, पांढरा पुंजका बाजूला काढला.

मग त्यानं आदिनाथच्या डोक्याकडं पाहिलं.

"सांग की नाव."

"दादा, थट्टा करताय व्हय?"

"नाव सांग म्हनतो ना!"

"डाव्या कानामागचा पुंजका हाय ह्यो," अमृत हळू आवाजात म्हणाला. "शाळंत दगड लागला हुता ती जागा. तुमाला आरशात दिसत न्हाई ती. मला दिसती, पंधरा वर्षं."

आदिनाथचा हात डाव्या कानामागं गेला. केस तिथंच होते. महिन्याभराचे, मानेवर आलेले, सगळेच्या सगळे.

"कायबी बडबडू नको," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

अमृत एक पाऊल मागं सरला. मग गाडीला वळसा घालून तो जवळ आला. त्यानं नुकतीच भिजवलेली कोथिंबिरीची जुडी उचलून आदिनाथच्या हातात दिली.

"मास्क काढा."

"येड लागलं का तुला?"

"काढा, दादा. पाया पडतो."

आदिनाथनं एक मास्क काढला. मग दुसरा काढला. जुडीतलं गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यानं पानं चुरगाळली, बोटं हिरवी झाली.

चार हातांवर उभ्या असलेल्या बाई पिशवी पुढं करत म्हणाल्या, "मला बी दे रं एक. काय वास सुटलाय!"

आदिनाथनं जुडी नाकाला लावली, श्वास ओढला. पुन्हा ओढला. अमृत त्याच्या तोंडाकडं बघत उभा होता.