‘येतो’ म्हणणारी नौका

ही घटना खरी आहे. वाचणाऱ्याने विश्वास ठेवावाच, असा माझा आग्रह नाही. त्या खोलीत मी स्वतः होतो, एवढेच सांगतो.

आणि ही घटना रात्रीची नाही. गेल्या डिसेंबरातल्या एका शनिवारची आहे, भर दुपारची. जागा बुधवार पेठ. खाली चार्जर, वायरी आणि स्पीकर विकणाऱ्या दुकानांची रांग. वर तिसऱ्या मजल्यावर आमचे दोन खोल्यांचे ऑफिस.

माझे नाव प्रज्ञेश. माझ्या आजोबांनी, बाबुरावांनी, छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात भूत हा शब्द मुलांना घाबरवण्यासाठीसुद्धा कोणी वापरला नाही. अंधारात काही वाजले की आजोबा म्हणत, आधी दिवा लाव, मग बोल. मी तसाच वाढलो. म्हणूनच हे लिहायला मला इतके महिने लागले.

आम्ही संगणकावरचे खेळ बनवतो. ‘दूरचे आरमार’ हा आमचा पहिला मोठा खेळ. त्यात खेळणारा एका अंतराळ-आरमाराचा सेनापती असतो. इंधन जपायचे, नौका बांधायच्या, ग्रह राखायचे, शत्रूला कोंडीत पकडायचे. नकाशाचा बराचसा भाग काळा असतो. त्या काळोखात काय आहे, हे कळण्यासाठी टेहळणी नौका पाठवावी लागते. आज्ञा मिळाली की ती एकच शब्द बोलते आणि काळोखात शिरते.

बहुतेक वेळा परत येत नाही.

त्या नौकेचा आवाज आमोदचा.

आमोद आमच्याकडे ध्वनीचे काम पाहायचा. बाहेरचे कलाकार बोलावणे परवडत नव्हते, म्हणून आम्हीच एकेक आवाज वाटून घेतले होते. कंपनी ऋचाची. तिने टेहळणी नौकेसाठी शब्द लिहून दिला होता : ‘जातो’.

आमोद अडून बसला.

“जातो कोण म्हणतं गं? निघताना माणूस येतो म्हणतो.”

“ती नौका मंडईत भाजी आणायला निघालेली नाही,” ऋचा म्हणाली. “येतो म्हटलं तर खेळणाऱ्याला वाटेल, ती परत येतेय. जातो म्हण आणि विषय संपव.”

तो ‘जातो’ म्हणाला. एकदाच. तोच आवाज खेळात गेला.

खेळ बाजारात येण्याच्या थोडे आधी, सकाळी ऑफिसला येताना, स्वारगेटच्या चौकात आमोदच्या दुचाकीला अपघात झाला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते.

आम्ही सहकारनगरला त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याची आई, कुसुमकाकू, रडत नव्हत्या. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्या सकाळी मिक्सर चालू होता. आमोद दारात उभा राहून काहीतरी म्हणाला. ओठ हलताना दिसले, ऐकू आले नाही. येतोच म्हणाला असणार, रोज म्हणायचा. आणि त्या रोज ‘ये’ म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी नुसता हात हलवला.

“तो थांबला होता रे,” त्या मला म्हणाल्या. “मी ये म्हणावं म्हणून जरासा थांबला होता.”

खेळ ठरल्याप्रमाणे बाजारात आला. खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचणे, त्यांतल्या तक्रारी वेगळ्या काढणे, हे माझे काम.

सुरुवातीचे अभिप्राय अपेक्षेप्रमाणे होते. इंधन फार लवकर संपते. शत्रूचे आरमार नुसते बसून राहते. एकाने लिहिले होते, “लढाई इतकी स्लो आहे की मध्ये उठून चहा करून आलो, तरी माझा तोफगोळा अजून हवेतच.” दुसऱ्याने त्याला खाली उत्तर दिले होते, “भाऊ, अंतराळात हवा नसते.”

मग एक अभिप्राय आला.

“टेहळणी नौका निघताना ‘येतो’ म्हणते. घरची आठवण आली. पाच तारे.”

ऐकण्यात चूक झाली असेल, असे मी मनाशी म्हटले.

पुढच्या आठवड्यात आणखी दोन आले. एक साताऱ्याहून, एक थेट जर्मनीतून. दोघांनीही ‘येतो’च लिहिले होते.

मी आमच्या यंत्रावर खेळ लावला. नौका पाठवली. नौका म्हणाली, ‘जातो’. मूळ ध्वनी ऐकला. ‘जातो’. आमचा प्रोग्रामर इंद्रजीत याने सगळे तपासून पाहिले आणि म्हणाला, “दुसरा आवाज आपल्याकडे नाहीच. लोकांना जे ऐकायचंय ते ऐकताहेत.”

मला ते पटले. पटवून घेतले, असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल.

नंतरच्या अभिप्रायांत मात्र तक्रार होती.

“‘येतो’ म्हटल्यावर नौका हलत नाही. तिथेच थांबते. बग आहे, फिक्स करा.”

“माझीही थांबते. कसली वाट बघते काय माहीत.”

आणि मग...

“गंमत म्हणून मी मोठ्यांदा ‘ये’ म्हटलं. लगेच गेली. भारी फीचर आहे.”

इंद्रजीतने ते दोनदा वाचले. खेळणाऱ्याचे बोलणे ऐकण्याची सोय आम्ही खेळात केलेलीच नव्हती.

“आपल्या खेळाला कानच नाहीत,” तो म्हणाला.

‘ये’ म्हणणारे वाढत गेले. त्यांतल्या काहींनी पुढचेही लिहिले. एकाने लिहिले, ‘ये’ म्हणून नौका गेली, आणि जिन्यावरून कोणीतरी धावत वर आले. दोन-दोन पायऱ्या एकदम. दार उघडले, तर कोणी नव्हते.

कराडच्या एका बाईंनी मुलासाठी खेळ घेतला होता. त्यांचा अभिप्राय मला जवळजवळ पाठ आहे.

“आमचं घर बैठं आहे. जिना नाही. तरी कोणीतरी जिना चढत आल्याचं आम्ही दोघांनी ऐकलं. दारापाशी थांबलं. भीती वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. पत्ता चुकून आलेलं माणूस दारात उभं राहावं, तसं.”

आमोद ऑफिसचा जिना दोन-दोन पायऱ्या चढायचा. खालचा दुकानदार म्हणायचा, तुमचा तो पोरगा आला की माझे स्पीकर तपासायची गरज उरत नाही.

हे अभिप्राय लिहिणाऱ्यांना कुठून माहीत असणार?

त्याच सुमारास आमोदच्या वडिलांचा, दीनानाथकाकांचा फोन आला. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. मुलाच्या आवाजाचे कौतुक करणारे अभिप्राय ते रोज सकाळी शोधून काढत आणि काकूंना वाचून दाखवत. तेवढाच त्यांच्या घरातला संवाद उरला होता. ‘येतो’चा पहिला अभिप्राय त्यांनी आनंदाने वाचून दाखवला होता. कराडचा अभिप्राय वाचताना मात्र मध्येच थांबले.

काकूंनी तो पूर्ण वाचायला लावला.

आता त्यांना तो आवाज ऐकायचा होता. घरच्या जुन्या संगणकावर खेळ चालत नव्हता. त्या ऑफिसात येणार होत्या.

“तिला नाही म्हण,” काका मला म्हणाले. “माझं ती ऐकत नाही.”

मी नाही म्हणू शकलो नाही. ऋचाही नाही. मनात एक आशा होती, की आमच्या यंत्रावर नौका ‘जातो’च म्हणेल, काकूंना ते ऐकू येईल आणि हे सगळे तिथेच थांबेल.

त्या शनिवारी दुपारी दोघे आले. जिन्याच्या शेवटच्या वळणावर, आमच्या दाराखालीच, काका थांबले आणि पायरीवर बसले. आत येणार नाही म्हणाले. जिना अरुंद आहे. एक माणूस बसला की दुसऱ्याला वर येता येत नाही. ते अगदी मधोमध बसले होते.

तिथेच दोघांचे बोलणे झाले. हलक्या आवाजात, पण आम्हाला सगळे ऐकू येत होते.

“ऐक, आणि उठून ये,” काका म्हणाले. “उत्तर देऊ नकोस. कोणाला बोलावतेयस, तुला माहीत नाही.”

“परकी माणसं माझ्या मुलाला ये म्हणताहेत,” काकू म्हणाल्या. “आणि तो त्यांच्या दारात जाऊन उभा राहतोय. मी म्हणायचं नाही?”



काकू आत आल्या. मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवले. ऋचा खिडकीशी उभी होती. खालून नेहमीचा गोंगाट येत होता : हॉर्न, गाणी, चार्जरवाल्याची हाळी.

मी नकाशावर टेहळणी नौका निवडली. काळोखावर क्लिक करून आज्ञा दिली.

“येतो.”

आमोदच. तोच थोडा बसका, हसू दाबल्यासारखा आवाज.

ऋचाने तोंडावर हात धरला. इंद्रजीत जागचा उठला आणि पुन्हा बसला.

पडद्यावरची नौका हलली नाही.

मग माझ्या लक्षात आले... खालचा गोंगाट थांबला होता. हॉर्न नाही. गाणे नाही. शनिवारच्या दुपारी बुधवार पेठेत एकही आवाज नव्हता. मी खिडकीतून पाहिले. रस्ता माणसांनी भरलेला होता. माणसे चालत होती, बोलत होती, त्यांचे ओठ हलत होते.

ऐकू काहीच येत नव्हते.

फक्त जिना ऐकू येत होता.

तळमजल्यावरून कोणीतरी निघाले होते. दोन-दोन पायऱ्या. पहिला मजला... दुसरा...

काकू दाराकडे पाहत होत्या. त्यांचा चेहरा मी कसा सांगू? शाळा सुटल्यावर फाटकाशी उभ्या असलेल्या आईचा असतो, तसा होता. ‘ये’ म्हणण्यासाठी त्यांनी ओठ उघडले.

पावले अगदी दाराबाहेर आली.

थांबली.

निघणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी ‘जा’ म्हणत नाही. रागावलेली आईसुद्धा ‘जाऊन ये’ म्हणते. नुसते ‘जा’ म्हणायचे नसते, हे कोणी शिकवावे लागत नाही.

“जा,” कुसुमकाकू म्हणाल्या.

शब्द स्पष्ट होता. मग आणखी हळू, समजूत घातल्यासारखे, पुन्हा म्हणाल्या, “जा बाळा.”

पडद्यावर नौका वळली आणि काळोखात शिरली. खालून हॉर्नचा आवाज एकदम आत आला. चार्जरवाला ओरडत होता. कोणत्या तरी दुकानात गाणे अर्ध्यातूनच ऐकू येऊ लागले.

 ऋचाने काकूंना पाणी दिले. त्या उठल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरून दारापर्यंत गेलो. दार उघडले.

बाहेर कोणी नव्हते. फक्त काका. ते आता पायरीच्या मधोमध बसलेले नव्हते. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे जवळ ओढून, अंग चोरून एका कडेला बसले होते. अरुंद जिन्यावर वर जाणाऱ्याला वाट द्यावी, तसे.

“काय म्हणालीस त्याला?” त्यांनी विचारले.

“जा म्हणाले. किती दिवस लोकांचे जिने चढायचे त्याने?”

काकांनी मान हलवली. काकूंनी खाली उतरायला पाऊल टाकले. पण काका उठले नाहीत. तसेच अंग चोरून बसून राहिले. काकू म्हणाल्या, अहो, चला ना.

“थांब जरा,” ते म्हणाले. ते आमच्याकडे नव्हे, आमच्या मागे, उघड्या दारातून आत पाहत होते. “मी वाट दिली, तो वर गेला. खाली अजून उतरलेला नाही.”

आम्ही कोणीही मागे वळून पाहिले नाही. मीही नाही. आजोबांचा नातू असून नाही.

त्यानंतर ‘येतो’चा एकही अभिप्राय आलेला नाही. जिन्याचाही नाही. आता पुन्हा इंधनाच्या तक्रारी येतात. काकू बऱ्या आहेत, असे काका फोनवर सांगतात. त्याहून जास्त ते बोलत नाहीत, आणि मी विचारत नाही. ऋचा ऑफिससाठी नवी जागा पाहत होती. तिने ते थांबवले. कारण विचारले, तेव्हा इतकेच म्हणाली, “रिकामी नको राहायला ही खोली.”

मी अजून तिथेच काम करतो. संध्याकाळी बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी मीच निघतो. दिवे बंद करतो, दार ओढून घेतो आणि कुलूप लावण्यापूर्वी क्षणभर थांबतो.

आतून कोणी ‘येतो’ म्हणाले, तर त्याला काय उत्तर द्यायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.