काही झालं तर हात वर करा

दिवा बारीक करा. एवढा नाही रे, तुमची तोंडं दिसू देत मला. आणि पाय पांघरुणात घ्या, नंतर मला बोल लावू नका.

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. मला एक पान वाचायला अर्धा दिवस लागतो. ही मला सांगितली माझ्या मावसबहिणीच्या सुनेने, आणि ती बाई खोटं बोलत नाही. मी बोलते, ती नाही. कॅन्सरच्या दवाखान्यात रेडिएशन देतात ना, कुणी त्याला शेक म्हणतं, कुणी लाईट म्हणतं, त्या मशीनवर तिची नोकरी. तिथे तिला सगळे मोठ्या ताई म्हणतात. पण गोष्ट तिची नाही. तिच्याबरोबर त्याच मशीनवर एक माणूस होता, त्याची आहे. त्याचं खरं नाव राहू दे. सगळे त्याला झटपट म्हणायचे. बोलणं झटपट, चालणं झटपट. लग्नातसुद्धा म्हणे हार घालून मोकळा झाला आणि विचारलं, "झालं ना?"

तर बुधवार होता. सतरा तारीख. अमावास्या नव्हती, ग्रहण नव्हतं, साधा बुधवार. भुतांना काय बुधवारची सुट्टी असते?

रात्री पावणेनऊला झटपट जेवायला बसला, तर फोन आला. मशीन सकाळपासून बंद होतं, आता दुरुस्त झालंय. सात पेशंट दिवसभर बाकावर बसलेत, परगावचे आहेत, लगेच या.

बायको म्हणाली, "येताना दूध आणा. आणि किती वाजतील?"

"सात जण तर आहेत. अकराला घरी."

स्कूटर काढली आणि निघाला. शर्टाच्या खिशात एक घडी केलेला कागद होता. तो त्याने दोन दिवसांपूर्वीच लिहून ठेवला होता, फक्त सही बाकी होती. गुरुवारी सकाळी दहाला दवाखान्यात चौकशी होती, तिथे तो द्यायचा होता. कागदावर एकच वाक्य होतं. पेशंटने हात वर केला नाही.

आता हे काय, ते ऐका.

घशाला, जिभेला कॅन्सर असला की डोकं अजिबात हलून चालत नाही. मग त्या माणसाचा मुखवटा करतात. जाळीदार पांढरी शीट असते, गरम पाण्यात टाकली की कणकेसारखी मऊ होते. ती ओलीच तोंडावर दाबून धरायची, पेशंटने तोंड मिटून गप पडायचं, दहा मिनिटांत शीट गार होऊन कडक. मग रोज तो मुखवटा चढवायचा आणि चार कड्यांनी टेबलाला ठोकून टाकायचा. आत पेशंटला डोकं हलवता येत नाही की बोलता येत नाही. आणि मशीन चालू असताना खोलीत दुसरं कुणी थांबायचं नाही. हातभर जाड दार लावायचं आणि बाहेर बसून टीव्हीवर बघायचं. म्हणून दार लावण्याआधी या लोकांनी रोज, प्रत्येकाला, एक वाक्य सांगायचंच असतं. काही झालं तर हात वर करा, आम्ही बघतोय.

हात वर झाला की मशीन थांबवायचं. मग कुणी का असेना.

तीन आठवड्यांपूर्वी एक बस ड्रायव्हर होता. घशाचा कॅन्सर. ड्युटीवरून तसाच यायचा, खाकी शर्टात, गळ्याची बटणं सोडून टेबलावर झोपायचा. त्या दिवशी बाहेर तेरा जण खोळंबले होते आणि आरडाओरडा चालला होता. ताई त्यांना समजवायला बाहेर गेली. टीव्हीसमोर झटपट एकटा. अडीच मिनिटं उरली होती आणि ड्रायव्हरने हात वर केला.

झटपटने पाहिला.

थांबवलं असतं तर आत जा, मुखवटा काढा, पुन्हा चढवा, पुन्हा भिंतीवरून येणाऱ्या हिरव्या रेघा मुखवट्यावरच्या खुणांशी जुळवा. पंधरा मिनिटं गेली. त्याला वाटलं, नाक खाजलं असेल, सगळेच करतात. संपवून टाकू.

संपवलं. आत गेला तेव्हा हात खाली आला होता. घशात कफ अडकून ड्रायव्हर निळा पडला होता. दोन दिवस आयसीयूत, काचेच्या खोलीत ठेवला, तिसऱ्या दिवशी गेला.

झटपट सगळ्यांना म्हणाला, "हात वर केलाच नाही हो त्यांनी. नाहीतर मी थांबवलं नसतं का?"

तो टीव्ही नुसता दाखवतो, साठवून ठेवत नाही. मग दोष कुणाचा? मुखवटा घट्ट झाला असणार, म्हणजे ज्याने केला त्याचा. मुखवटा केला होता मोठ्या ताईने. तिला घरी बसवलं. सव्वीस वर्षांची नोकरी, दोन वर्षं उरलेली, आणि घरात अंथरुणाला खिळलेला नवरा. आता गुरुवारी दहाला झटपटने कागदावर सही केली की ताई कायमची घरी.

तर हा गेला नऊला. बाकावर सात पेशंट, सात नातेवाईक, एकानेही नमस्कार केला नाही. एक बाई दुसरीच्या कानाला लागली, "हाच तो." झटपटने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

फिजिक्सवाले सर आत बसले होते. मशीन किती शेक देतं, बरोबर देतं का, ते मोजणारा माणूस. तोंड कायम कारलं खाल्ल्यासारखं.

"या. आज सगळे चालत बाहेर जाऊ देत म्हणजे झालं."

"सर, एकदा झालं म्हणून रोज ऐकवणार का?"

"रोज नाही. उद्या सकाळी दहापर्यंत."

कामाला लागले. सहा जण व्यवस्थित झाले. बोलले कुणी नाही याच्याशी. एका पेशंटच्या मुलाने बापाला आत सोडताना दाराशी उभं राहून बजावलं, "टीव्हीकडेच बघायचं. मोबाइलकडे नाही."

साडेदहाला शेवटचा आला. रिटायर झालेले हेडमास्तर, जिभेचा कॅन्सर, पण जीभ अजून कडकच. मुखवटा चढवला, कड्या लावल्या. झटपट भराभर म्हणाला, "काही झालं तर हात वर करा, आम्ही बघतोय." दार लावलं. बटण दाबलं.

अर्धं मिनिट गेलं.

टीव्हीवर हात वर झाला.

झटपटने क्षणात मशीन थांबवलं. धावत आत गेला, कड्या उघडल्या, मुखवटा काढला.

"काय झालं मास्तर?"

"मला काय होणार? तुम्हाला काय झालं?"

"हात वर केलात ना?"

"मी? चाळीस वर्षं पोरांना हात वर करायला लावले. स्वतः करायची सवय नाही मला."

पुन्हा मुखवटा. पुन्हा रेघा. पुन्हा दार. बटण दाबलं, आणि हात वर.

या वेळी मास्तर उठून बसले, डोळे लाल. "अहो, मी पोटावर हात बांधून पडलोय. बोटसुद्धा हललं नाही. झोप येत असेल तर घरी जा, माझा जीव काय पणाला लावताय?"

बाहेर सर म्हणाले, "दोनदा का थांबवलंस?"

"हात वर करतायत, सर."

"मी इथेच बसलोय. कुणी हात वर केला नाही."

तिसऱ्यांदा बटण दाबलं. झटपट टीव्हीला नाक लावून बसला. मास्तर पडलेले. दोन्ही हात पोटावर, बोटांत बोटं. नीट दिसत होते. दोन्ही.

आणि हात वर झाला.

टेबलाच्या पलीकडून. कोपरापर्यंत खाकी बाही.

ए, मागे काय बघतोस? मागे मी नाही, मी पुढे आहे. पुढे बघ.

झटपटचा हात थांबवायच्या बटणावर होता. सर शेजारी मान डोलवत आकडे बघत होते. त्यांना काही दिसत नव्हतं. झटपटला वाटलं, तिसऱ्यांदा थांबवलं तर सर उद्या चौकशीत सांगतील, याचं डोकं फिरलंय. मग माझ्या कागदाला कोण विचारणार? आणि मास्तर तर ठीक आहेत, दिसतायत की.

त्याने काय केलं असेल? खिशातून रुमाल काढला आणि टीव्हीच्या त्या कोपऱ्यावर टाकला.

संपवलं.

मास्तर चालत बाहेर आले, चप्पल घातली, झटपटकडे पाहिलं. "डोळे का चोरताय? अभ्यास न केलेल्या पोरासारखे?" आणि गेले.

सरांनी साडेअकराला आकडे लिहिले, पिशवी उचलली. "बंद करून जा. आणि टीव्हीवरचा रुमाल काढ, काय अवतार आहे." तेही गेले.

झटपट एकटा.

त्याने रुमाल काढला नाही. मशीन बंद केलं. किल्ल्या घेतल्या. दिवा मालवायला हात नेला, तर स्पीकरमधून आवाज आला. खोलीतला आवाज इकडे ऐकू यावा म्हणून एक स्पीकर असतो तिथे. त्यातून घरघर येत होती. ओली घरघर... पाण्याने भरलेल्या नळीतून कुणी श्वास ओढावा तशी.

त्याने स्पीकर बारीक केला.

घरघर तेवढीच.

पार बंद केला.

घरघर तेवढीच.

रुमाल आपोआप घसरून खाली पडला. टीव्हीवर टेबल रिकामं. गादी रिकामी. टेबलाच्या मधोमध हात वर. नुसता हात. वाट बघत.

अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. घड्याळ त्याने पाहिलं होतं, ते त्याला आजही आठवतं.

पळाला का नाही, म्हणता? मीही ताईला तेच विचारलं. तो तिला म्हणाला, पाय दाराकडेच गेले, पण बाहेर जायच्या दाराकडे नाही. मशीनच्या खोलीच्या जाड दाराकडे.

आत वाकडी गल्ली असते, दोन वळणांची. पहिलं वळण. दिवे मंद. भिंतीवर मशीनच्या हिरव्या रेघा. मशीन बंद होतं. रेघा चालू होत्या.

दुसरं वळण.

टेबल रिकामं होतं. हात नव्हता. काही नव्हतं. घरघर थांबली.

"कोण आहे?"

...

"हे बघा, मी मुद्दाम नाही केलं. तेरा जण होते बाहेर. मला वाटलं..."

...

"मला काय माहीत तुम्हाला कफ झालाय ते?"

मागे दार हललं. ते दार विजेवर चालतं, कुणी बाहेरून बटण दाबल्याशिवाय हलत नाही. हळूहळू. हातभर जाड. गल्लीतून पळत यायला पाच पावलं. त्याचं एकही उचललं नाही.

दार लागलं.

दिवे गेले. रेघा राहिल्या.

मग छतातल्या स्पीकरमधून, बाहेरून कुणीतरी बोललं. शांतपणे. ड्युटीवरचा माणूस बोलतो तसं.

"काही झालं तर हात वर करा. आम्ही बघतोय."

...

झटपटने हात वर केला.

...

किती वेळ, माहीत नाही. त्याला एवढंच आठवतं, तोंडावर काहीतरी गरम, ओलं. आणि हात वर. दुखेपर्यंत वर. आणि कुणी आलं नाही.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी तो बाहेर खुर्चीवर बसलेला होता. दार उघडं. कॉलर भिजलेली, खांदा उचलत नव्हता. आधी दहा मिनिटं नुसता रडला. मग खिशातला कागद काढून फाडला आणि मशीनच्याच वहीचं पान घेऊन लिहिलं. हात वर केला होता. मी पाहिला होता. थांबवलं नाही. मुखवटा बरोबर होता. खाली सही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सावकाश लिहिलं असेल त्याने.

दूध मात्र राहिलं.

दहाला चौकशी झाली. कागद वाचला गेला. ड्रायव्हरची बायको आली होती. ती उठली, झटपटसमोर उभी राहिली, त्याला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "किती वेळ वर होता?" तो म्हणाला, "शेवटपर्यंत." ती खाली बसली.

त्याची नोकरी गेली, कोर्टाचं अजून चालू आहे. ताईला त्याच दिवशी कामावर घेतलं. बारा वाजता पहिला पेशंट होता, म्हणून ती साडेअकराला खोली तयार करायला गेली. रात्रीनंतर आत कुणी गेलं नव्हतं. सरांनी तिच्यासमोर कुलूप काढलं.

टेबलावर एक मुखवटा होता. चारही कड्या लावलेल्या. बाहेरून.

ताईला राग आला, मुखवटा टेबलावर सोडून जातात म्हणून. मग तिने बघितलं, त्यावर नंबर नव्हता. नाव नव्हतं. हात लावला तर ओला. गरम पाण्याची टाकी बाजूच्या खोलीत, तिची एकुलती किल्ली तीन आठवडे ताईच्या पर्समध्ये, ताईच्या घरी, नवे मुखवटे तोवर बंदच. टाकी कोरडी ठणठणीत. तिने जाऊन बघितलं ना.

सर म्हणाले, "कुणाचा आहे?"

ताईने कड्या काढल्या आणि मुखवटा दिव्याच्या उजेडाकडे धरला. झटपटचं नाक लहानपणी चेंडू लागून डावीकडे वाकलेलं. या मुखवट्याचं नाकही डावीकडे.

सव्वीस वर्षांत तिने हजारभर मुखवटे केले असतील. सगळे तोंड मिटलेले.

याचं तोंड उघडं होतं. जितकं माणसाचं उघडू शकतं, तितकं.