शेवटच्याने हात दाखवू नये

सायकलच्या दुकानदाराने सीट वर उचलून पान्याने आवळली, तेव्हाच ग्रंथपालाला वाटलं की आपली फजिती आता सुरू झाली.

"पाय पुरत नाहीत हो," तो म्हणाला.

"पुरायचेच नाहीत. नुसते चवडे टेकले पाहिजेत. टाच टेकली तर लांबच्या पल्ल्यात गुडघे बोलायला लागतील."

"ते आत्ताच बोलतात."

दुकानदार हसला. ग्रंथपालही हसला, पण उशिराने, कारण आपण विनोद केला हे त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

हे सगळं धाकट्या बहिणीमुळे घडलं होतं. तिची साठी जवळ आली होती. ती राहायची नव्वद किलोमीटरवर, टेकडीपलीकडे. फोनवर बोलता बोलता कसं कोण जाणे, पण ग्रंथपालाच्या तोंडून निघून गेलं, "चिमे, मी या वेळी सायकलवर येतो."

पलीकडे बराच वेळ खोकण्यासारखं काहीतरी चाललं होतं. ते हसणं होतं.

"दादा, तू? तुझी सतार कपाटावर आहे, जर्मन शिकायची पुस्तकं पलंगाखाली आहेत. अर्ध्या वाटेतून फोन करशील आणि मला यावं लागेल. मी केक गाडीतच ठेवते, रस्त्यात कापू."

ती काही खोटं बोलत नव्हती. आयुष्यात धरलेली एकही गोष्ट त्याने तडीस नेली नव्हती, नोकरी सोडून. आणि तिथे सोडायची हिंमत नव्हती म्हणून ती पार पडली. फोन ठेवला तेव्हा त्याचे कान तापले होते. या एका वेळी तरी तिच्या फाटकापर्यंत आपल्या पायांनी पोचायचं, एवढंच त्याने ठरवलं.

रविवारी सकाळी एक टोळी निघायची, तिच्यात तो सामील झाला. पुढे बेकरीवाली. पहाटे उठायची तिची सवय इतकी जुनी की सगळ्यांना तीच उठवायची. मधे नळदुरुस्तीवाला आणि दातांचे डॉक्टर. शेवटी ग्रंथपाल, कारण तो आपोआपच शेवटी राहायचा.

बेकरीवालीने त्याला शिकवलं. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं. भूक लागायच्या आधी केळं खायचं. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवायचा. "थोडक्यात, सगळं आधी," ती म्हणाली. आणि रांगेचा नियम. खड्डा दिसला की पुढच्याने हात खाली करून दाखवायचा आणि 'खड्डा!' म्हणायचं, ते एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला द्यायचं. गाडीचं उलट. मागून गाडी आली की शेवटच्याने 'गाडी!' म्हणून ओरडायचं, ते पुढपर्यंत पोचवायचं.

हा नियम ग्रंथपालाला पाळता येण्यासारखा नव्हता.

त्याच्या दोन्ही कानांत मशीन होतं, वाटाण्याएवढं. उभी हयात लोकांना गप्प बसा म्हणण्यात गेली आणि शेवटी जगाने त्याचं ऐकलं, असं चिमी म्हणायची. सायकलवर वारा लागला की मशीनमध्ये ताडपत्री फाडल्यासारखा आवाज व्हायचा. म्हणून तो ते काढून डबीत घालायचा आणि डबी पाठीमागच्या खिशात ठेवायचा. मग जग पाण्याच्या तळाशी गेल्यासारखं व्हायचं. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही; थांब्यावर सगळ्यांकडे पाठ करून तो ते परत घालायचा. सांगितलं असतं तर उद्यापासून येऊ नका म्हणाले असते, असं त्याला वाटलं. त्याऐवजी त्याने हँडलला एक गोल आरसा लावला आणि दर चार श्वासांना त्यात बघायची सवय लावून घेतली.

हातांच्या खुणा मात्र त्याला फार आवडल्या. डॉक्टरांचा हात खाली गेला की तोही हात खाली करायचा आणि हळूच म्हणायचा, "खड्डा."

"अहो, शेवटच्याने हात दाखवू नये," थांब्यावर डॉक्टर म्हणाले. "तुमच्या मागे आहे कोण? वाऱ्याला दाखवता?"

"सवय लागली," ग्रंथपाल म्हणाला. ती सोडणं त्याच्या जिवावर आलं. आपण खड्डा चुकवून मागच्याला तसंच सोडायचं, हे त्याला उद्धटपणाचं वाटे. मग मागे कोणी असो वा नसो.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्याला मागून आवाज आला. पायडल थांबवून सायकल नुसती पळू दिली की मागच्या चाकातून येतो तसला. कट्कट्कट्कट्. आरशात रस्ता होता, दुतर्फा झाडं होती, बाकी काही नव्हतं.

आपलीच सायकल असेल, त्याने मनाशी म्हटलं. हाडांतून जाणवत असेल. दुकानदाराने चाक उचलून फिरवलं. "नवी आहे. हिचा आवाज ऐकायला कान लावावा लागेल." मशीन घालूनही ग्रंथपालाला जेमतेम कुजबुज ऐकू आली.

नंतरच्या रविवारी त्याने खड्डा दाखवला, आणि मागे कोणीतरी तो चुकवला. टायर खडीवरून किंचित घसरला आणि परत रस्त्यावर आला. ग्रंथपालाने मान वळवली नाही. मान वळवली की सायकलही वळते, हे तो नुकतंच शिकला होता.

भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, तोही थोडा हलक्या जातीचा: चला, आपल्याही मागे कोणीतरी आहे! चढावर त्याच्या श्वासाच्या पाठोपाठ दुसरा श्वास चाले, तसाच धापा टाकणारा, तसाच नवखा. मागच्याला लाज वाटू नये म्हणून ग्रंथपाल थोडा हळू जायचा आणि त्यामुळेच, कसं कोण जाणे, पूर्वीपेक्षा लांब जायचा. वीस किलोमीटरचे चाळीस झाले, चाळिसाचे साठ. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. तो घरात शीळ घालू लागला, बेसूर, आणि ते त्याला माहीत नव्हतं.

चिमीच्या वाढदिवसाला सगळी टोळीच निघाली. "केक गाडीत ठेवते म्हणाली?" बेकरीवाली भडकली. "केक मी केलाय. मीच नेणार." तो तिने पाठीवरच्या पिशवीत बांधला.

टेकडीचा चढ ग्रंथपालाने एकदाही न उतरता चढला. माथ्यावर त्याला रडू आलं. घाम पुसायच्या निमित्ताने तेही पुसून झालं. मग उतार लागला. आणि उतारावर धुकं होतं.

डॉक्टरांची पाठ पांढुरकी झाली. आरसा ओला झाला. त्याने अंगठ्याने पुसला, परत ओला झाला.

मागे कट्कट् चालू होती. जवळ. नेहमीपेक्षा जवळ.

"गाडी!"

कानाशी. स्पष्ट. घाबरलेला आवाज.

ग्रंथपालाने छाती फुटेल असं ओरडून ते पुढे दिलं. "गाडी! गाडी!"

चौघेही रस्त्याच्या कडेला घासत गेले.

लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेला ट्रक, दिवे बंद, उतारावर नुसता घरंगळत, त्यांच्या कोपरांशेजारून गेला.

खाली पहिलं घर दिसेपर्यंत चौघांनीही ब्रेकवरची बोटं काढली नाहीत.

फाटकात चिमी उभी होती. गाडीची किल्ली तिच्या हातात होती. ती तिने मागे लपवली.

"दादा! खरंच आलास रे!" तिने त्याचे दोन्ही गाल धरले. ती पुढे काय म्हणाली ते त्याला कळलं नाही, पण तिचे डोळे भरले होते.

केक एका बाजूने पार चेपला होता. सगळ्यांनी तो बोटांनी खाल्ला. डॉक्टर चिमीला हातवारे करून ट्रकची गोष्ट सांगत होते. ग्रंथपालाने खिशातून डबी काढली आणि मशीन कानात बसवलं.

"...आम्हाला कोणालाही काही ऐकू आलं नाही. काय तिखट कान आहेत हो तुमच्या भावाचे!"

"कान?" चिमी म्हणाली. "दादाचे?"

ती मोठ्याने हसली. मग तिने त्याच्या हातातली उघडी डबी पाहिली आणि तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. बेकरीवालीनेही डबी पाहिली.

"हे आत्ता घातलंत?" तिने विचारलं.

"सकाळपासून खिशात होतं," ग्रंथपाल म्हणाला. आणि स्वतःच्या तोंडून ऐकलं तेव्हाच ते त्याला समजलं.

नळवाल्याने घसा साफ केला. डॉक्टरांनी आणखी केक घेतला. "उद्या परतताना तुम्ही मधे," बेकरीवाली शेवटी म्हणाली. तिच्या रागावण्यात इतकी माया होती की ग्रंथपालाला वाटलं, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मग कोणीतरी सतारीचा विषय काढला आणि हसण्याचा असा गोंधळ उडाला की त्याला मशीनचा आवाज कमी करावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन लख्ख होतं. मशीन डबीत, डबी खिशात. पुढे बेकरीवाली, मग नळवाला, मग ग्रंथपाल, शेवटी डॉक्टर. चिमी फाटकात उड्या मारल्यासारखा हात हलवत होती.

गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा होता. बेकरीवालीचा हात खाली गेला, नळवाल्याचा गेला, ग्रंथपालाचा गेला. आरशात त्याने पाहिलं, डॉक्टर मिस्कील हसले. त्यांनीही हात खाली केला, मागच्या मोकळ्या रस्त्याला झोकात खड्डा दाखवला, आणि त्यांचे ओठ हलले.

"खड्डा," डॉक्टरांच्या मागून कोणीतरी म्हणालं.

डॉक्टरांचं हसू हळूहळू उतरलं. हात तसाच खाली राहिला.

"खड्डा," त्याच्याही मागून आवाज आला. हा बाईचा होता.

"खड्डा." आणखी मागून. "खड्डा." एक म्हातारा, एक दमलेला, एक हसरा, एकाने दुसऱ्याला दिलेला, लांब लांब जाणारा.

ग्रंथपालाला भरून आलं. तो कधीच शेवटचा नव्हता. त्याने चांगला जोर लावला, गिअर बदलला, आणि या रांगेचा शेवटचा आवाज कधी येतो म्हणून कान देऊन राहिला.

टेकडीचा माथा आला, तरी तो आला नव्हता.