गालात भरून नेलेली हवा

ज्या पाण्यात प्राणवायू शून्य, तिथे कोणी अंडी घालील का? नोंद्याच्या मते शक्यच नाही. आणि नोंद्या म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे, सरकारी खात्यासाठी खाड्या तपासणारा २०७१ सालचा सहापायी यंत्रमानव. त्याने खाजणातल्या (भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या चिखलातल्या) बिळांत नळी घातली, पाणी मोजलं आणि शेरा मारला: निर्जीव. झालं! दुपारच्या भरतीआधी उघाडी (खाडीचं पाणी आत घेणारं दार) कायमची बंद व्हायची होती. मग खाजण सुकून खडखडीत.

आठवीतल्या ऊर्मीने शेरा वाचला आणि धावत आत्याला गाठलं. तिची आत्या याच चिखलात हात घालून निवट्या धरायची. निवटी म्हणजे बेडकासारख्या डोळ्यांचा, चिखलावर टुणटुण उडणारा मासा.

"निर्जीव म्हणे," आत्या फणकारली. "मग तीस वर्षं मी काय दगड शिजवले?"

पण खात्याला पुरावा हवा होता. ऊर्मी कॅमेरा घेऊन फळीवर पालथी पडली आणि चिखलावरून सरकत निघाली. मागोमाग नोंद्या. निवटी दिसली, ऊर्मी फोटो काढणार, तोच नोंद्याने ती अलगद उचलून पाण्यात सोडली. पाण्याबाहेरचा मासा म्हणजे मरणारा मासा, असं त्याला शिकवलेलं. निवटी टुणकन बाहेर. त्याने पुन्हा सोडली. पाचव्या खेपेला आत्या हसून हसून चिखलातच बसली.

ऊर्मीने त्याला समजावलं, की निवटी ओल्या कातडीतूनही हवेतला प्राणवायू घेते. मधूनच लोळते ती अंग ओलं ठेवायला. नोंद्याला पटलं. पण बिळात तर हवाच नाही, तिथे अंडी कशी जगणार, हा त्याचा हेका कायम.

इतक्यात समोरच्या निवटीने आ करून हवा घेतली. गाल टम्म! ती बिळात शिरली. वर आली तेव्हा गाल चपटे. पुन्हा टम्म, पुन्हा चपटे. सात खेपा, सात फोटो. आणि ऊर्मीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"नोंद्या, ती हवा खाली नेऊन साठवतेय. नळीचा कॅमेरा घाल. तळाशी थांबू नकोस, वर वळव."

"हळू हां," आत्याने बजावलं. "माणूस बघून जी पळत नाही, तिच्या बिळात आम्ही हात घालत नाही. घरात पोरं असतात."

नळी खाली गेली, वळली, वर चढली. बिळाच्या वरच्या टोकाला हवेने भरलेली इवलीशी खोली होती. छताला चिकटलेली शेकडो अंडी, मोत्यांसारखी.

फोटो खात्याकडे पोचले आणि पाणी चढायच्या आत उत्तर आलं: उघाडी उघडीच राहील. आत्याने चिखलाच्या हातांनीच भाचीचे गाल ओढले.

नोंद्याने मात्र आपल्या जुन्या नोंदी उघडल्या. मग म्हणाला, "आणखी सतरा खाजणांवर मी हाच शेरा मारलाय. कुठेच नळी वर वळवली नव्हती."

ऊर्मीने कॅमेऱ्याची काच पुसली.

"त्यातलं सगळ्यांत जवळचं कुठलं?"