दुसऱ्या रांगेतला देवाजी

पटो न पटो, हे घडलेलं आहे. साल १९७३, वैशाखातली भर दुपार, इतवारीतल्या विणकर सोसायटीचं सभागृह. पाहणारी माणसं अजून हयात आहेत, फक्त त्यावर बोलत नाहीत.

भिंतीवर तीस वर्षांपूर्वीच्या विणकर मोर्चाचे काळे-पांढरे फोटो मोठे करून, फ्रेममध्ये लावले होते.

एका फोटोत दुसऱ्या रांगेत देवाजी होता. मूठ वर, मान ताठ.

त्याच मोर्चाच्या पळापळीत तो नाहीसा झाला. प्रेतही सापडलं नाही. म्हणून त्याच्या बायकोनं, सिंधूताईनं, कपाळाचं कुंकू पुसलं नाही. दीर समजावून थकला, भाऊबंद टोमणे मारून थकले. बाई कुणाला भीक घालणारी नव्हती.

सोसायटीचे अध्यक्ष रुपराव हार घेऊन पुढे आले. देवाजी हुतात्मा ठरला होता.

“हार मेलेल्याच्या फोटोले घालतेत, रुपरावभाऊ,” सिंधूताई म्हणाली. “माह्या मालकाले काहून घालून राहिले?”

रुपरावांनी कानावर घेतलं नाही. हार घातला.

...हार जमिनीवर.

वीज गेलेली. पंखे बंद. वाऱ्याचा मागमूस नाही.

पुन्हा घातला. पुन्हा खाली.

तिसऱ्यांदा त्यांनी सुतळीनं करकचून बांधला. आणि मग...

खट... खट... खट...

माग चालल्याचा आवाज. सोसायटीतला शेवटचा माग विकून दोन वर्षं झाली होती.

सुतळी तुटली नाही. गाठ हळूहळू सुटली.

रुपरावांनी वर पाहिलं आणि त्यांची बोबडी वळली. फोटोत देवाजीच्या मागं झाकल्या गेलेल्या माणसाचा चेहरा आजवर कुणी पाहिला नव्हता. तो आता स्वच्छ दिसत होता.

मधे देवाजी नव्हता.

माणसं चपला टाकून पळाली. सिंधूताई तिथंच उभी राहिली. जिवंत माणूस असा येत नाही, हे तिला तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. आणि तिला भयंकर राग आला.

आवाज सरकत सरकत अगदी तिच्यापाशी आला...

थांबला.

“जिते असान तं घरी या,” ती म्हणाली. “मेले असान तं बी या. पन कुंकू मी पुसत नाई.”

आणि सावकाश चालत घरी गेली.

पुढं अकरा वर्षं जगली. कुंकवासकट गेली.

देवाजी त्या फोटोत आजतागायत परतलेला नाही. ती अकरा वर्षं तो कुठं होता, हे सिंधूताईला विचारायची छाती इतवारीत कुणाची झाली नाही.