बाकी ठेवलेली ओळ

किल्ली न्यायला आलीस ना? देते. आधी त्या दिव्याजवळच्या खुर्चीत टेक जरा, चहा घे. उद्यापासून चर्चचा ऑर्गन तू वाजवणार, म्हणजे तुझ्या मावशीची सुटका. बोटं आखडतात हल्ली, हे खरं. पाळकांनी गोड बोलून मला घरी बसवलं, हेही खरं. पण किल्ली हातात देण्याआधी एक गोष्ट कानावर घालायची आहे. मध्ये मध्ये बोलू नकोस, तुला सवय आहे म्हणून सांगते.

तू कॅप्टनना पाहिलंस ते थकलेले, पुढच्या बाकावर शाल पांघरून बसलेले. कॅप्टन हे नुसतं म्हणायला. लढाईत ते साधे शिपाई होते आणि डावा हात तिथेच ठेवून आले होते. पण एका हाताने चर्चच्या छपराची डागडुजी करताना वरून खालच्यांना असे काही हुकूम सोडायचे, की कुणीतरी वैतागून त्यांना कॅप्टन म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

लढाईहून परतल्यावर त्यांनी संसार मांडला नाही. चर्च हाच त्यांचा संसार. मोडकी बाकं दुरुस्त करायची, घंटेचा दोर बदलायचा, म्हाताऱ्यांना हाताला धरून पायऱ्या चढवायच्या. कुणाकडे आजारपण आलं की दुसऱ्या दिवशी हे दारात हजर. मरणाला टेकलेल्या माणसाजवळ तर हटकून जाऊन बसायचे. फार बोलायचे नाहीत. हातात हात घेऊन नुसते बसायचे. “अशा वेळी माणूस एकटा नसावा, बाई,” एवढंच मला एकदा म्हणाले होते. मी शाळेत शिकवायचे, म्हणून मी सगळ्यांची ‘बाई’.

आणि भाता. ऑर्गनमागे ती फळ्यांची भिंत आहे ना, तिच्या पलीकडे एक लांब लाकडी दांडा आहे. मोटर बसवण्याआधी तो वरखाली करून भात्यात हवा भरावी लागायची. हवा आहे तोवर ऑर्गनचा रुबाब, हवा संपली की मांजराच्या पिल्लासारखा केविलवाणा सूर काढून तो गप्प. ते काम कॅप्टनचं. भाता भरला की ते पलीकडून फळीवर दोनदा टकटक करायचे. मी इकडून एकदा टक करायचे. म्हणजे चला, निघू या. आमचं बोलणं ते एवढंच. उभं आयुष्य आम्ही दोघांनी एक काम मिळून केलं, आणि ते करताना एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. लोक काहीबाही बोलायचे. बोलू देत. माझं मला माहीत आहे.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळच्या उपासनेचं शेवटचं गीत, तेच ते, ‘दिवस कलला’. शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ आली आणि ऑर्गनची हवाच गेली. सगळ्यांसमोर माझी फजिती. लोकांनी ती ओळ तशीच, साथीशिवाय नुसत्या गळ्याने म्हटली: दार उघडं ठेव, मी घरी येतो आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी तणतणत भिंतीमागे गेले.

“हात दुखतो का तुमचा?”

“नाही, बाई.”

“मग हवा का सोडता?”

ते दांड्यावर कपाळ टेकून उभे होते. “ती ओळ बाकी आहे,” म्हणाले.

पुढे कधीतरी, बाकाचा पाय ठोकता ठोकता, त्यांनी मान वर न करता सगळं सांगितलं. खंदकात त्यांच्याबरोबर एक मित्र होता. त्यांच्याच वयाचा, म्हणजे पोरगाच. अंधार पडला की दोघं हेच गीत अगदी दबक्या आवाजात म्हणायचे. त्या संध्याकाळी शेवटची ओळ यायच्या आत तोफगोळा आला. मातीचा ढिगारा बाजूला करून ह्यांना ओढून काढलं. त्याला नाही काढता आलं.

“तो तिथेच थांबलाय, बाई. त्याच्याशिवाय ओळ पुरी केली, तर मी त्याला मागे टाकून घरी आलो असं होईल.”

मला पटलं की नाही, सांगता येत नाही. पण त्यानंतर मी कधी विचारलं नाही. लोकांनाही सवय झाली. इतकी, की आपल्याकडची एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिथल्या ऑर्गनने शेवटची ओळ वाजवली, तर ही दचकून मागे बघायला लागली. सगळ्यांना वाटायचं, गीत असंच आहे.

मग कॅप्टनना दम लागायला लागला आणि मोटर आली. खटका दाबला की भाता आपोआप भरतो. तरी त्या ओळीला मी स्वतःहून हात उचलायचे आणि पुढच्या बाकावरून ते हळूच मान हलवायचे. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याजवळ बसले होते. कुणीतरी बसायला हवंच होतं. खोलीत औषधाचा वास होता आणि खिडकीबाहेर धुकं.

“बाई... माझ्या अंत्यविधीला ते गीत वाजवा. आणि थांबू नका. शेवटची ओळ पुरी करा.”

“आणि तो?”

“त्याला तरी किती ताटकळत ठेवायचं?” आणि हसले. “वचन द्या.”

मी दिलं.

अंत्यविधीच्या दुपारी धुकं इतकं दाट होतं, की चर्चचे दिवे लावावे लागले. उभं राहायला जागा नव्हती. ज्यांच्या ज्यांच्या माणसापाशी ते बसले होते, ती सगळी घरं आली होती. समोर शवपेटी, तिच्यावर त्यांची शाल. मी मोटर चालू केली आणि ‘दिवस कलला’ सुरू केलं. त्या ओळीवर थांबायची सवय माझ्या बोटांनाच जडली होती. आज बोटं ऐकतील ना, एवढीच धास्ती.

शेवटच्या कडव्याच्या सुरुवातीला दिवे गेले. मोटरची घरघर हळूहळू विरत गेलेली मी स्वतः ऐकली. झालं, मी म्हटलं. आयुष्यात एकदाच मागितलं त्यांनी काही, आणि तेही नाही जमलं.

पण सूर गेला नाही...

उलट भरून आला. फळ्यांच्या भिंतीमागे दांडा करकरत होता. कॅप्टनचा ठेका मला झोपेतही ओळखता येईल, एका हाताचा, एक लांब ओढ आणि मग श्वास घ्यायला जरा उसंत. हा तो ठेका नव्हता. हा भराभर चालला होता. दोन हातांचा. तरण्या माणसाचा.

मी हात उचलला नाही. ओळ आली. ऑर्गन वाजतोय म्हणून लोक गोंधळले, क्षणभर सगळं चर्च गप्प. त्या शांततेत भिंतीपलीकडून एक कोवळा, दबका आवाज म्हणाला... दार उघडं ठेव... आणि मग सगळे गळे एकदम उठले.

सगळे शवपेटीमागोमाग बाहेर पडल्यावर मी भिंतीमागे गेले. तिथे कुणी नव्हतं. दांडा अजून वरखाली हलत होता, हळू, आणखी हळू, आणि थांबला. मोटर आल्यापासून तिकडे कुणी फिरकत नव्हतं, सगळीकडे धूळ. त्या धुळीत ओल्या मातीची ढेकळं पडली होती, बुटाच्या तळव्यातून निखळतात तशी. वास होता ओल्या मातीचा आणि काहीतरी जळल्याचा.

मला भीती नाही वाटली तेव्हा. मी तिथेच बसून पोटभर रडले. वाटलं, सुटले दोघं. पोचले घरी.

आता खरी गोष्ट ऐक. पुढच्या महिन्यात संध्याकाळच्या उपासनेला तेच गीत होतं. आता ओळ बाकी ठेवायचं कारण उरलं नव्हतं. दिवे लख्ख लागलेले, मोटर घुमत होती. मी ती ओळ वाजवायला बोटं खाली दाबली, आणि हवा गेली. नेमकी तिथेच.

मेकॅनिक आला, सगळं उघडून बसला. “बाई, मशीन ठणठणीत आहे. तुम्हीच हात उचलला असेल. जुनी सवय!” पाळकांनीही तीच री ओढली. मग मला घरी बसवायचं ठरलं, ते त्यावरूनच.

पण त्यांना एक माहीत नाही. दर वेळी गीत सुरू करण्याआधी पलीकडून दोनदा टकटक होते. सावकाश. मग दांड्याची एक लांब ओढ... आणि उसंत. एका हाताचा ठेका.

तो पोरगा गेला घरी. कॅप्टन नाही गेले. ते ओळ बाकी ठेवून उभे आहेत, मागे त्या पोरासाठी ठेवली होती तशीच. या खेपेला कुणासाठी, ते मला कुणी समजावून सांगायला नको. एकटीने मरायची भीती मला कायम वाटत आली, आणि हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

ही घे किल्ली. सगळी गीतं बिनधास्त वाजव. ते एक वाजवलंस तर शेवटच्या ओळीला हात उचल. आणि पलीकडून टकटक झाली तर उलट टक करू नकोस. ती तुझ्यासाठी नाही. मीही अजून केलेली नाही. परसातल्या गुलाबांची छाटणी राहिली आहे, तुझ्या आईचा स्वेटर अर्धा विणून पडलाय.

काय झालं? अशी पांढरीफटक का पडलीस?

अगं, ती टकटक त्या कपाटामागेच होते. मला घरी बसवलं तेव्हापासून ते इथेही येतात. उठू नकोस, चहा संपव. थांबतील ते. थांबायची त्यांना सवय आहे.