काल येऊन गेलेले दोघे

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. खोटी वाटली तर वाटू दे. मलाही वाटली होती, आणि मी तर तिच्या तोंडावर हसले होते.

आता हसत नाही.

आणि एक आधीच सांगते. यात काळीकुट्ट रात्र नाही, वीज गेलेली नाही, दार करकरत नाही. माझी परीक्षा संपली त्याच आठवड्यातली गोष्ट. लख्ख ऊन, तलावाचा काठ आणि भर दुपार.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते. रात्री निदान दिवा लावता येतो. दुपारी काय लावणार?

तर मावशी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे आखडलेले खांदे सोडवते. काका लिफ्ट दुरुस्त करतात. शहरात सदानकदा कुणीतरी कुठेतरी अडकलेलं असतंच आणि त्या प्रत्येकाकडे नेमका काकांचाच नंबर असतो. जेवताना फोन. सिनेमात फोन. मावशी तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा एक हात तिच्या कपाळावर आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला.

"एक दिवस मीच लिफ्टमध्ये जाऊन अडकते," मावशी आईला म्हणायची. "म्हणजे माझ्याशी धड दोन शब्द तरी बोलेल."

सहलीला निघायच्या आदल्या दिवशी मात्र ती हे हसत म्हणाली नाही.

"ताई, ही शेवटची संधी. या सुट्टीतही तो फोनलाच चिकटून राहिला ना, तर मी वेगळी राहणार. खोलीसुद्धा बघून ठेवलीय."

आईने हातातला चमचा खाली ठेवला. मी दाराआडून ऐकत होते. म्हणजे, ऐकू येत होतं.

सहल मावशीनेच ठरवली होती. खास जोडप्यांसाठी. तीन मुक्काम, गर्दी नाही, गडबड नाही. आधी एक छोटंसं गाव, मग एक शेतघर, मग तलावाकाठची कॉटेज. जाहिरातीत लिहिलं होतं, 'फक्त तुम्ही दोघं.'

पहिल्या गावाला पोचेपर्यंत काकांचे इतके फोन झाले की मावशीने मोजणं सोडून दिलं. "हो, दार ढकलू नका... पंखा चालू आहे ना? मग घाबरायचं काय त्यात?" हेच ऐकत ती खिडकीबाहेर बघत होती. तोंडाचा फुगा झालेला.

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर खोली होती. घरमालकीण जिन्यातच भेटली. दोघांना बघून तिला कोण आनंद झाला.

"अगं बाई! परत आलात? काही विसरलं का?"

मावशी म्हणाली, "आम्ही आत्ताच येतोय. आजचं बुकिंग आहे आमचं."

"आजचं कसं? काल राहिलात की! सकाळीच तर निघालात." बाई हसायला लागल्या. "चेष्टा करताय होय माझी? कालही तुमचं हेच चाललं होतं. रात्रभर नुसतं खिदळणं!"

काकांनी फोन कानावरून जरासा बाजूला केला. "तारीख चुकवलीस ना?"

"मी चुकवली? मी?"

झालं. जिन्यातच जुंपली. बिचाऱ्या बाई एकदा इकडे बघतायत, एकदा तिकडे. शेवटी त्यांनी किल्ली दिली. "राहा बाई, खोली रिकामीच आहे. पण काल तर किती गोड वागत होतात तुम्ही दोघं..."

खोलीत दोन टॉवेल वाळत घातले होते.

ओले.

आणि खिडकीजवळ दोन खुर्च्या. एकमेकींना अगदी चिकटून ठेवलेल्या.

काकांनी त्यातली एक ओढली, बाल्कनीत नेली आणि फोन लावला.

मावशीला भीती वगैरे काही वाटली नाही. राग आला. आपल्यासारखं दिसणारं कुठलंतरी जोडपं येतं, आपली खोली वापरतं, आपल्या वाटचं हसून जातं... आणि आपण? आपण ओले टॉवेल बदलून मागायचे!

दुसऱ्या दिवशी शेतघर. हिरवीगार कुरणं, शेळ्या, लाकडी कुंपण. गाडी थांबताच एक तपकिरी कुत्रा धावत आला. शेपटी तर अशी हलवतोय, जणू जुनी ओळख. सरळ मावशीच्या अंगावर उडी.

मग त्याने तिचा हात हुंगला.

आणि थांबला.

शेपटी खाली गेली. एक पाऊल मागे... अजून एक... तिच्यावरची नजर न काढता तो मागेमागे सरकत गोठ्यात शिरला. दुसऱ्या दिवशी ते निघेपर्यंत बाहेर आला नाही. एकदाही भुंकला नाही.

शेतघरातली बाई हात पुसत बाहेर आली. "या या! काल म्हणाला होतात खरे, परत येऊ म्हणून. पण इतक्या लवकर?"

मावशीने काकांकडे पाहिलं. काकांनी मावशीकडे. या वेळी तारखेवरून कुणीच कुणाला बोललं नाही.

"काल... आम्ही काय काय केलं?" मावशीने विचारलं. स्वतःच्या आवाजाचंच तिला कसंतरी वाटलं.

"आता हे मी सांगू?" ती बाई लाजली. "कुरणात फिरलात. मला भांडी घासू लागलात. साहेबांनी तर फोन बंद करून माझ्याकडेच ठेवायला दिला. म्हणाले, बायकोबरोबर आलोय, याचं काय काम!"

मावशी गर्रकन काकांकडे वळली. "ऐकलंस? तुझ्यासारखं नुसतं *दिसणाऱ्या* माणसालासुद्धा जमतं ते!"

"अगं, मी इथे काय ऐकतोय आणि तुझं काय चाललंय!"

"माझं तेच चाललंय जे कित्येक वर्षं चाललंय!"

ती बाई गोंधळली. मग हळूच म्हणाली, "काल किती लाडाने हाक मारत होते तुम्हाला. टिटवे, टिटवे करून. मला इतकी मजा वाटली..."

"काय करून?" मावशीने पुन्हा विचारलं.

लग्न नवीन होतं तेव्हा काका तिला टिटवी म्हणायचे. सारखी टिवटिवते म्हणून. फक्त दोघंच असताना. हे नाव माझ्या आईलासुद्धा माहीत नव्हतं. आणि ते ऐकून तिला किती वर्षं झाली, हे मावशीलाही आठवेना.

त्या रात्री मावशी कुशीवर वळून पडून राहिली. आणि तिच्या मनात काय होतं माहितीये? तिने स्वतः मला सांगितलं. भीती नव्हती. त्या दुसऱ्या बाईचा हेवा वाटत होता तिला. कडकडीत हेवा.

सकाळी काका म्हणाले, "घरी जाऊ."

"का? लिफ्टमध्ये कोण अडकलंय?"

"कुणी नाही. मला हे आवडत नाहीये."

"मला पुढे जायचंय," मावशी म्हणाली. "मला ते दोघं बघायचेत."

दुपारी ते तलावावर पोचले.

पाणी ताटासारखं सपाट. वारा नाही. पक्षी नाही. कॉटेजच्या पायरीवर रखवालदार म्हातारा बसला होता, गुडघ्यांवर डोकं टेकून. गाडीचा आवाज ऐकून त्याने मान वर केली. काका गाडी सावलीत लावायला झाडामागे गेले. मावशी एकटीच पुढे झाली.

तिला बघून म्हातारा उठला.

"बाई..."

"नमस्कार, आमचं बुकिंग..."

"बाई... सापडलात?"



"कालपासून शोधतोय हो आम्ही! तुम्ही पाण्यात पाय सोडून बसला होतात. साहेब शाल आणायला आत गेले. बाहेर येतात तर... नुसत्या चपला."

त्याने पायरीशेजारी बोट दाखवलं.

चपला मावशीच्याच होत्या. डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता म्हणून चांभाराने तो पांढऱ्या दोऱ्याने शिवला होता. तो दोरा इथेही होता. तिथेच. तसाच.

मावशीने खाली पाहिलं.

तिच्या पायातही त्याच होत्या.

"साहेब... कुठे आहेत?" तिने कसंबसं विचारलं.

"पाण्यावर. होडी घेऊन गेलेत. अन्न नाही, पाणी नाही, माझं ऐकत नाहीत. नुसत्या हाका मारतायत. ऐका..."

मावशीने कान दिला.

आधी काहीच नाही.

मग दूर, तलावाच्या मधोमध कुठून तरी...

"टिटवे..."

काकांचा आवाज.

"टिटवे... कुठे आहेस गं... टिटवे..."

मावशी मला हे सांगताना थांबली होती. म्हणाली, तुला कळणार नाही. इतक्या काकुळतीने मला कुणी कधी शोधलं नव्हतं. सगळं सोडून. खाणंपिणं सोडून. फक्त मला.

पाय आपोआप चालायला लागले. पाणी घोट्याला लागलं. गार. मग गुडघ्याला. होडी दिसत नव्हती, नुसतं ऊन चमकत होतं. आवाज मात्र जवळ येत होता. तिने 'ओ' देण्यासाठी तोंड उघडलं...

"अगं ए! कुठे चाललीस? ती चप्पल परवाच शिवलीय ना!"

मागून काका ओरडले. खरे काका. कानाला फोन, कपाळाला आठी. "नाही हो, तुम्हाला नाही, मी बायकोशी बोलतोय... हां, तर ते लाल बटण दाबून ठेवा..."

मावशीच्या डोक्यात अशी काही सणक गेली! मी इथे पाण्यात आणि याला चप्पल दिसते? ती तशीच उलटी फिरली, त्याला चांगलं सुनवायला. रागाने पाणी तुडवत काठावर आली.

"तुला लाज नाही वाटत? जरा तरी..."

पण काका तिच्याकडे बघत नव्हते. ते तिच्या खांद्यावरून मागे, पाण्याकडे बघत होते. तोंड पांढरंफटक.

त्यांनाही ऐकू आलं होतं.

स्वतःचाच आवाज.

"टिटवे... आलीस का..."

फोन हातातून निसटून चिखलात पडला. त्यातून कुणीतरी हॅलो हॅलो करत राहिलं. काकांनी मावशीचा दंड पकडला आणि धरून ओढतच तिला गाडीत बसवलं. म्हातारा मागे धावला. "अहो बाई, साहेबांना सांगून तरी जा! ते वाट बघतील हो!"

वाटेत काकांनी घर येईपर्यंत तिचा हात सोडला नाही. गिअर टाकतानासुद्धा.

ती बघून ठेवलेली खोली मावशीने नंतर घेतली नाही. काकांनी नवा फोन घेतला आणि पुन्हा पहिले पाढे सुरू झाले. जेवताना फोन, सिनेमात फोन. मावशी चिडायची, पण आईला म्हणाली, "चिडले की बरं वाटतं गं."

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

महिन्याभराने मावशीला फोन आला. तलावावरच्या म्हाताऱ्याचा. बुकिंग तिच्याच नंबरावरून होतं ना.

"बाई, माफ करा. पण साहेब अजून पाण्यावरच आहेत. मला बघवत नाही हो. काय सांगू त्यांना?"

मावशीने फोन ठेवून द्यायला हवा होता. आई तेच म्हणते. काकाही तेच म्हणाले, नंतर, ओरडून ओरडून. पण मावशीला तो आवाज आठवला. एवढं कुणी शोधतंय, आणि त्याला साधा निरोपही द्यायचा नाही?

ती म्हणाली, "सांगा... मी सुखरूप आहे. घरी पोचले."

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज. म्हाताऱ्याची पावलं. मग त्याने पाण्याकडे तोंड करून मोठ्याने ओरडून सांगितल्याचं ऐकू आलं.

मग शांतता. बराच वेळ.

"सांगितलं, बाई." म्हाताऱ्याचा आवाज हलका झाला होता. "इतके खूश झाले! म्हणाले, मग मीही घरीच येतो."

या गोष्टीला आठवडा झाला.

काल संध्याकाळी मावशीचा आईला फोन आला. मी शेजारीच होते. मावशी कुजबुजत होती.

"ताई, आज हा लवकर आलाय. फोन बंद करून कपाटात ठेवलाय. माझे पाय चेपून दिले. आता स्वयंपाकघरात भांडी घासतोय."

आई हसली. "मग चांगलंच आहे की! तक्रार काय आहे तुझी?"

मावशी गप्प झाली. मागून भांड्यांचा आवाज येत होता... आणि मग तोही थांबला.

"तेच तर, ताई," मावशी म्हणाली. "तक्रार करायला काहीच सापडत नाहीये."

फोन कट झाला.

आईने परत लावला, तर लागला नाही. काकांचा तर बंदच. सकाळी मावशीचा मेसेज आला. 'सगळं छान आहे.' बस, एवढंच. मावशी, जिचा एकही मेसेज कुरकुरीशिवाय संपत नाही, ती.

शनिवारी मी सुट्टीला तिच्याकडे राहायला जाणार आहे. दरवर्षी मी बसनेच जाते, काकांना वेळ कुठला असायला.

आज दुपारी निरोप आलाय की मला न्यायला काका येणार आहेत.

स्वतःहून.